डाव्या बाजूच्या वहिनी

त्या वर्कशॉपात फोरमनपेक्षा फळ्याचा धाक जास्त होता. ऑफिसच्या दाराशेजारी, पाण्याच्या पिंपाच्या वर, जाता-येता नजर पडेल असा तो टांगलेला असे. दुरुस्त होऊन गेलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत आली, की फोरमन खडूनं एक रेघ ओढायचा. तीन रेघा भरल्या की पान्हा खाली ठेवायचा, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायचे आणि मागे गाड्यांच्या धुलाईत जायचं. धुलाईत गेलेला माणूस पुन्हा कामाच्या बाकावर आलेला कुणी पाहिला नव्हता.

वहिनींच्या रकान्यात दोन रेघा होत्या. दोन्ही एकाच महिन्यातल्या आणि दोन्ही एकाच गाडीच्या.

ती गाडी म्हणजे चार नंबरची व्हॅन. तशा सात व्हॅन होत्या. लांबच्या वस्त्यांतल्या रुग्णांना रक्त शुद्ध करायला दवाखान्यात आणायचं आणि संध्याकाळच्या आत घरी पोचवायचं, हे त्यांचं काम. चार नंबर तात्या चालवायचा. तात्याची तक्रार साधी होती. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. हळू दाबला तर थोडी, जोरात दाबला तर हातातलं स्टिअरिंग हिसकावून घेते.

आता कुठल्याही गॅरेजात असली गाडी आली, तर माणूस पुढची दोन्ही चाकं उघडून बघेल. इथे तसं नव्हतं. इथल्या फोरमननं आल्या आल्या एक शिस्त लावली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. शेडच्या मधोमध लांबलचक खड्डा, त्याच्यावर गाडी उभी राहायची. खड्ड्याच्या डाव्या अंगाला एक मेकॅनिक, उजव्या अंगाला दुसरा. जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला. डाव्याचं डावं चाक, उजव्याचं उजवं. एकानं दुसऱ्याच्या चाकाला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय पट्टा ओलांडायचा नाही. "ज्याची बाजू त्याची जबाबदारी," फोरमन म्हणायचा. "मग कुणी कुणावर ढकलायला नको." गाडी डावीकडे ओढते असं कार्ड आलं की ते मुकाट्यानं डाव्या बाकावर जायचं. नऊ वर्षं डावा बाक वहिनींचा होता.

वहिनी तिथे आल्या त्या पान्हा धरायला नव्हे. त्यांचा नवरा याच व्हॅनपैकी एकीवर ड्रायव्हर होता, सगळ्यांचा लाडका, म्हणून त्याची बायको सगळ्यांची वहिनी. त्याची नजर मंदावली तेव्हा नोकरी सुटली आणि वहिनींना स्टोअरच्या खिडकीत बसवलं. नट, बोल्ट, रबरं, पॅड हातात येत-जात राहिले. कुठला भाग कुठल्या गाडीचा, हे त्यांना बोटांनी कळायला लागलं. दुपारच्या सुट्टीत त्या खड्ड्याशी जाऊन उभ्या राहायच्या. डाव्या बाजूचा माणूस एक दिवस नोकरी सोडून गेला, तेव्हा फोरमन म्हणाला, "वहिनी, आठवडाभर तात्पुरतं बघता का?" तो आठवडा अजून संपला नव्हता. सुरुवातीला ड्रायव्हर लोक गाडी घेताना दोनदा ब्रेक दाबून बघायचे. वहिनी म्हणायच्या, "चारदा दाबा. तुमचा पाय, माझं काय जातंय?" पुढे दाबून बघणं थांबलं.

समोर, खड्ड्याच्या पलीकडे, मामा. मामा फोरमनचे सख्खे मामा. त्यांनीच भाच्याला हातात पान्हा धरायला शिकवलं, आणि भाचा फोरमन झाल्यावर त्याच्याच हाताखाली उजव्या बाकावर बसले. बावीस वर्षांत उजव्या रकान्यात एक रेघ नाही. मामांचं काम दिसायला तर आरशासारखं. चाकाच्या आतली प्रत्येक वस्तू पुसलेली. नटाला गंज नाही, नळीवर धुळीचा कण नाही. गाडी खड्ड्यावरून उतरायच्या आधी ते हातातलं फडकं शेवटचं फिरवायचे आणि जरा मागे सरून बघायचे, नवरीला नटवून झाल्यावर करवली बघते तसं.

चार नंबर पहिल्यांदा आली तेव्हा वहिनींनी डावं चाक काढलं. पॅड झिजलेले होते, ते बदलले. ब्रेकची पकड ज्या पिनांवर सरकते त्या साफ केल्या, पॅड ज्या तबकडीला धरतात ती पुसली. तात्या गाडी घेऊन गेला आणि आठ दिवसांत परत आला.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण आधी ओढत होती, आता फरफटत नेते."

पहिली रेघ. वहिनींनी या वेळी पकडच नवी घातली. गाडी गेली. सहाव्या दिवशी हजर. दुसरी रेघ.

"अगं, बाई माणसाचा हात हलका पडतो," मामा पलीकडून म्हणाले. "माझ्याकडे बघ. या गाडीला माझ्या बाजूचे पॅड दोन वर्षांपूर्वीचे आहेत. अजून नव्यासारखे जाड. सांभाळलं की टिकतं."

वहिनींनी मान वर केली नाही. पण हात थांबला. दोन वर्षं? डाव्या बाजूचे पॅड तेवढ्या काळात त्यांनी तीनदा बदलले होते. गाडी एक, रस्ता एक, तात्याचा पायही एकच. मग एकाच बाजूचे पॅड एवढे कसे खाल्ले जातात?

"मामा, तुमचं चाक एकदा उघडून बघू का?"

"का? माझ्या चाकाला काय झालंय? गाडी डावीकडे ओढते की उजवीकडे?"

"डावीकडे."

"मग आपल्या पायाखाली बघ."

फोरमन ऑफिसातून म्हणाला, "वहिनी, पट्टा." एवढंच. वहिनींनी बसल्या जागी डावंच चाक पुन्हा तपासलं आणि गाडी सोडली. त्या वेळी बोलायला शब्द नव्हते. आपलं बरोबर आहे असं आतून वाटतं, पण समोरचा "का?" म्हणाला की तोंड उघडत नाही, तसं झालं होतं.

शब्द सापडले घरी, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, एका बाकड्यामुळे.

स्वयंपाकघरातलं लांब बाकडं बाहेरच्या खोलीत न्यायचं होतं. डाव्या टोकाला नवरा, उजव्या टोकाला वहिनी, दोघं शेजारी शेजारी चालत निघाले. नवऱ्याला समोरचं धूसर दिसतं, म्हणून वहिनींनी आधीच बजावलं होतं, मी थांबा म्हटलं की थांबायचं. दाराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "थांबा!" नवरा जागच्या जागी थांबला. वहिनींच्या डोक्यात मात्र चार नंबर घोळत होती. त्या स्वतः दोन पावलं पुढे गेल्या. बाकडं गर्रकन डावीकडे फिरलं आणि त्याचा कोपरा नवऱ्याच्या बाजूच्या भिंतीला असा लागला, की पोपडा पडला.

"अहो, नीट धरा की! तुमच्या बाजूला वळलं बघा!"

"वा गं वा!" नवरा म्हणाला. "थांब म्हणालीस, मी थांबलो. थांबली नाहीस तू. आणि भिंत फुटली तर दोष माझा? का, तर माझ्याकडे वळलं म्हणून?"

वहिनी बाकडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"अगं ठेव खाली. हात भरून आले माझे."

"पुन्हा म्हणा."

"काय? हात भरून आले?"

"नाही, त्याच्या आधीचं."

नवऱ्यानं चार नंबरची कहाणी आठ दिवस जेवताना ऐकली होती. बारा वर्षं व्हॅन चालवलेला माणूस तो. त्यानं बाकडं खाली ठेवलं, त्याच्यावर बसला आणि हसायलाच लागला. "जो थांबतो त्याच्याकडे वळतं गं," तो म्हणाला. "तू तुझं चाक जितकं चांगलं करशील तितकी ती गाडी जास्त ओढणार. पलीकडचं थांबतच नाहीये. बोललीस का हे तिथे?"

"ऐकतंय कोण? पट्टा आहे मध्ये."

"पट्टा रंगाचा आहे ना? का भिंत घातलीये?"

सोमवारी सकाळी साडेआठला चार नंबर तिसऱ्यांदा परत आली. तात्याचा चेहरा उतरलेला होता. आदल्या सोमवारपासून पुढच्या सीटवर बसणाऱ्या म्हाताऱ्या शाळामास्तरीण बाई ब्रेक लागला की दाराची कडी घट्ट धरून बसायच्या. आज वळणावर एक सायकलवाला आडवा आला, तात्यानं ब्रेक दाबला आणि व्हॅनचं डावं चाक गटाराच्या काठावर जाऊन टेकलं. कुणाला लागलं नाही. रुग्ण दवाखान्यात पोचले होते. पण दुपारी एकला त्यांना घरी सोडायचं होतं, आणि बाईंनी तात्याला सांगितलं होतं, "बाळा, मी चालत जाईन."

फोरमन खडू घेऊन बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे खरं. पण हात फळ्याकडे निघाला होता.

"साहेब, खडू खाली ठेवा," वहिनी म्हणाल्या.

शेडमध्ये हवेचा पंप चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"वहिनी, नियम आहे. मला वाईट वाटतंय, पण..."

"वाईट नंतर वाटून घ्या. आधी मला तात्याबरोबर एक फेरी मारू द्या. परत आल्यावर मी सांगते त्या दोन गोष्टी बघा. मग मीच जाऊन रबरी बूट घालते, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

"बूट सात नंबरचा लागेल का आठ?" मामा म्हणाले. दोघं-तिघं हसले.

"सातचा," वहिनी म्हणाल्या. "दोन जोड काढून ठेवा. कुणाला कधी लागतील सांगता येत नाही."

या वेळी जास्त जण हसले.

शेडमागच्या मोकळ्या रस्त्यावर तात्यानं दहा वेळा गाडी पळवली आणि दहा वेळा थांबवली. दर वेळी गाडी डावीकडे झुकायची आणि तात्या स्टिअरिंगशी झोंबायचा. वहिनी शेजारी बसून मोजत होत्या. परत येऊन गाडी खड्ड्यावर उभी राहिली, तशा त्या उतरून पिंपातून पेलाभर पाणी घेऊन आल्या.

"या सगळे. मामा, तुम्ही पुढे या."

त्यांनी बोटं पाण्यात बुडवली आणि डाव्या चाकाच्या फटीतून आतल्या तबकडीवर दोन-तीन थेंब शिंपडले. चर्र झालं, वाफ निघाली. मग त्या गाडीला वळसा घालून निघाल्या, पिवळ्या पट्ट्यावर पाय ठेवला, पलीकडे गेल्या, आणि उजव्या तबकडीवर थेंब टाकले. काही झालं नाही. थेंब घरंगळत खाली गेले.

"वहिनी, पट्टा," फोरमनचं तोंड सवयीनं बोललं.

"दिसला. ओलांडला. आता तबकडी बघा."

मामा म्हणाले, "माझं चाक गार आहे म्हणजे चांगलंच आहे ना? तापतं ते वाईट."

"ब्रेक लावून तापत नाही, म्हणजे ते कामच करत नाही. दहा वेळा गाडी थांबली, मामा. एकट्या डाव्यानं थांबवली. तुमचे पॅड दोन वर्षं झिजले नाहीत, कारण त्यांनी दोन वर्षं कशाला धरलंच नाही नीट."

"तोंड सांभाळून बोल. बावीस वर्षं..."

"बावीस वर्षांबद्दल मी बोलतच नाहीये. या चाकाबद्दल बोलते." वहिनींनी फोरमनकडे बघितलं. "दुसरी गोष्ट. उजवं चाक उघडायचं."

"मामांना विचारून..."

"मागच्या आठवड्यात विचारलं होतं. आज विचारत नाही. मला धुलाईत पाठवायचं तर पाठवा, पण हे चाक उघडल्यावर. नाहीतर मी इथून हलत नाही आणि ही गाडीही नाही. एक वाजता त्या बाईंना तुम्ही सांगा, पट्ट्यामुळे उशीर झाला म्हणून."

फोरमन खडू बोटात फिरवत राहिला. मामांनी भाच्याकडे बघितलं. भाच्यानं जमिनीकडे बघितलं. तेवढं पुरलं. वहिनींनी जॅक सरकवला.

चाक निघालं. आत सगळं चकचकीत. कुणालाही वाटावं, आत्ताच दुकानातून आणलंय. फक्त तबकडीवर मात्र ती घासलेली लखलखीत चकाकी नव्हती, फिकट तांबूस झाक होती. वहिनींनी तात्याला सीटवर बसवलं. आधी डाव्या बाजूचा ब्रेक ऑइल सोडायचा छोटा बोल्ट सैल केला. "दाबा." चिळकांडी उडाली, खाली धरलेल्या बाटलीत फेस आला. तो घट्ट करून त्या उजवीकडे आल्या. "दाबा." थेंब. "जोरात दाबा!" दुसरा थेंब.

"मी उभा राहिलोय पेडलवर!" तात्या आतून ओरडला.

कुणी हसलं नाही.

बोल्ट बाहेर काढून बघितला, तो साफ होता. राहिली ती मधली रबरी नळी, जिच्यातून तेल चाकाकडे जातं. बाहेरून काळीभोर, तुकतुकीत, एक भेग नाही. वहिनींनी ती काढली आणि स्टोअरमधून नवी नळी मागवली. नव्या नळीत बारीक तार घातली, ती या टोकातून त्या टोकाला सरळ निघाली. जुनीत घातली, ती चार बोटं जाऊन अडकली. मग त्यांनी सुरीनं जुनी नळी उभी चिरली आणि दोन्ही हातांनी उघडून मामांच्या समोर धरली. आतलं रबर सुजून मिटत आलं होतं, घसा बसलेल्या माणसाचा घसा आतून दिसावा तसं.

"बाहेरून एवढी चांगली..." मामा म्हणाले आणि थांबले.

"कशानं पुसता तुम्ही?"

मामांची नजर खाली वळली. त्यांच्या बाकाखाली डबा होता. डिझेलचा. फडकं त्यात बुडवून ते दर सर्व्हिसला नळीवरून फिरवायचे. रबर कसं तकाकतं त्यानं! कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण डाव्या बाजूचा कुणी उजवीकडे यायचाच नाही. रबराला डिझेल लागलं की ते फुगतं, हे वहिनींना स्टोअरच्या खिडकीत असतानाच कळलं होतं. तिथे एकदा डिझेल सांडलेल्या खोक्यातली सगळी रबरं फुगून टाकून द्यावी लागली होती.

फोरमनच्या आधी हिशेब मामांनाच लागला. सात व्हॅन. सातही गाड्यांची उजवी नळी त्याच फडक्यानं पुसलेली.

"बाकीच्या सहा गाड्या बोलवा," वहिनी म्हणाल्या. "जशी रिकामी होईल तशी. दोन्ही बाजूंच्या नळ्या बदलल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही."

"दोन्ही?" फोरमन म्हणाला. "तुमची तर चांगली आहे."

"नळ्या जोडीनं बदलायच्या. पॅडही जोडीनंच बदलायला हवे होते. मी एकाच बाजूचे बदलत बसले, कारण माझी बाजू एवढीच असं मीही मानून चालले होते. ती चूक माझी. ती कबूल."

साडेबारापर्यंत चार नंबरला दोन्ही नळ्या, दोन्ही बाजूंचे नवे पॅड बसले, तेलातली हवा काढली. तात्या फेरी मारून आला. त्यानं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून दाखवले आणि तसाच ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली.

"अरे गाढवा, स्टिअरिंग धर!" फोरमन ओरडला. पण त्याच्या आवाजात जीव आला होता.

मग तो फळ्याकडे गेला. बाहीनं वहिनींच्या दोन्ही रेघा पुसल्या. खडू उजव्या रकान्याकडे नेला आणि हात तिथेच राहिला. परत आलेल्या खेपा तीन होत्या. तिन्ही उजवीकडे मारायच्या तर मामा आजच धुलाईत जाणार. सगळी शेड बघत होती. मामा बाकावर बसून आपले हात पुसत होते. हातांना काही लागलेलं नव्हतं.

"मामांच्या रकान्यात रेघ मारायची असेल," वहिनी म्हणाल्या, "तर शेजारी तिसरा रकाना काढा. वर लिहा, फोरमन. बाजू तुम्ही वाटल्यात. ते चाक बघायला मी आठ दिवसांपूर्वी निघाले होते, तेव्हा ऑफिसातून 'पट्टा' कोण म्हणालं?"

असं त्या शेडमध्ये फोरमनला कुणी बोललं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. वहिनींनी नजर काढून घेतली नाही.

"तुम्हाला पाहिजे तरी काय?" तो शेवटी म्हणाला.

"गाडीची पुढची दोन्ही चाकं एका माणसाकडे. चुकलं तर दोन्हींचं त्याच्याच डोक्यावर."

"नियम बदलायचा तर वर विचारावं लागेल."

"विचारा," वहिनी म्हणाल्या. "तुमचं विचारून होईपर्यंत मी करायला लागते."

फोरमननं खडू खिशात टाकला आणि ऑफिसात गेला. दार लावलं, पण आपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा नंबर खड्ड्यावर चढली. वहिनींनी डावं चाक उरकलं, पेटी उचलली, पलीकडे गेल्या आणि उजव्या चाकासमोर पेटी ठेवली. मामा तिथे स्टुलावर बसले होते. डिझेलचा डबा बाकाखाली नव्हता.

"ही माझी बाजू आहे," मामा म्हणाले. आवाजात जोर नव्हता, पण हलले नाहीत.

"गाडी एक आहे, मामा. सरका."

"आणि मी कुठे जाऊ? धुलाईत?"

"मागे पाच नंबर उभी आहे. तिची दोन्ही तुमची."

मामांनी पाच नंबरकडे बघितलं. "डाव्या चाकाला हात लावून बावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "पान्हा कुठल्या अंगानं फिरवायचा तेही आठवत नाही."

"फिरवा, कळेल. अडलात तर मला विचारा. मी अडले तर तुम्हाला विचारीन."

मामांनी स्टूल उचललं. पिवळ्या पट्ट्यापाशी त्यांचा पाय क्षणभर अडखळला, मग ते पलीकडे गेले. वहिनी तोवर जॅक लावून खाली बसल्या होत्या. पहिला नट घट्ट होता. त्यांनी पान्ह्यावर टाच ठेवली आणि सगळा भार दिला.